कार्ड आणि नेट बँकिंगची फसवणूक : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेत काउंटरला बसते, १८ वर्षं झाली. आधी लोक पासबुक भरून घ्यायला यायचे, आता निम्मे लोक मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात मॅडम हे बघा ना काय झालंय. प्रश्न तेच तेच असतात आणि रांग मोठी असली की माझ्याकडून उत्तरं तुटक दिली जातात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी फक्त पहिला प्रश्न वाचा आणि लगेच कामाला लागा, बाकीचं नंतर.

पैसे आत्ताच गेलेत, काय करू?

बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं ब्लॉक करायला सांगा. नंबर कार्डच्या मागे असतो, पासबुकवर पण असतो, गुगलवर शोधू नका. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड बंद करता येत असेल तर ते फोन लागायची वाट न बघता आधी करा. लगेच दुसरा फोन १९३० वर. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. तिथे व्यवहाराचा रेफरन्स नंबर, रक्कम, तारीख, वेळ आणि तुमचा खाते नंबर विचारतात, तर एसएमएस समोर उघडून ठेवा. १९३० लागत नसेल (गर्दी असते, लागत नाही कधी कधी) तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका, घरातल्या दुसऱ्या माणसाला तेच काम द्या आणि तुम्ही फोन लावत राहा.

एवढी घाई कशासाठी तर गेलेला पैसा एका खात्यात पडून राहत नाही. पहिल्या खात्यातून चार खात्यात, तिथून आणखी दहा, आणि मग कुठेतरी एटीएममधून कॅश निघते. १९३० वर तक्रार नोंदली की ती बँकाबँकांना जोडणाऱ्या सिस्टिममध्ये जाते आणि पैसा ज्या खात्यात पोचलेला असेल तिथे तो होल्ड करता येतो. कॅश निघाली की मग हातात फार काही राहत नाही. म्हणून "उद्या ब्रँचमध्ये जाऊन विचारतो" हे करू नका, ब्रँच दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी नक्की या, लेखी तक्रार द्या आणि कॉपीवर शिक्का घ्या.

फोनमध्ये कुणी सांगून एखादं अ‍ॅप टाकलं असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा, फ्लाइट मोडवर टाका आणि हे सगळे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करा. आणि काही डिलीट करू नका! मेसेज, कॉल लॉग, चॅट सगळं पुरावा आहे, लोक रागाने किंवा भीतीने सगळं पुसून टाकतात.

रक्कम छोटी आहे आणि घरच्यांना कळलं तर काय म्हणतील, तक्रार करायलाच हवी का?

हो. हा प्रश्न लोक सरळ विचारत नाहीत पण मला तोंडावरून कळतो. एक ताई अशाच आल्या होत्या, स्टेटमेंट द्या म्हणाल्या, उगीच बघायचंय. स्टेटमेंट हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या, एका ओळीवर बोट ठेवून. मी विचारलं तर म्हणाल्या काही नाही. तीन वेळा विचारल्यावर सांगितलं की नऊ दिवसांपूर्वी झालंय आणि नवऱ्याला सांगितलेलं नाही. नऊ दिवस! त्या नऊ दिवसात त्या रोज रात्री मोबाईल उघडून तीच ओळ बघत होत्या.

फसवणारे लोक दिवसभर हेच काम करतात, त्यांच्याकडे लिहून ठेवलेली वाक्यं असतात, माणूस घाबरला तर काय बोलायचं, चिडला तर काय बोलायचं सगळं ठरलेलं. त्यांच्यासमोर तुम्ही एकटे आणि तेही कामाच्या गडबडीत. यात डॉक्टर फसलेत, वकील फसलेत, बँकेत नोकरी केलेले लोक फसलेत. घरच्यांसाठी एक हात जोडून विनंती, कुणी येऊन सांगितलं तर त्या क्षणी "अक्कल कुठे गेली होती" म्हणू नका, आधी १९३० लावा.

मी ओटीपी कुणालाच दिला नाही, तरी पैसे कसे गेले?

बँकेत कधी कधी या वाक्यावर विश्वास ठेवत नाहीत पण हे खरं असू शकतं. ओटीपी तोंडाने सांगायची आता गरजच राहिलेली नाही.

सगळ्यात जास्त दिसतं ते एपीके. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते, नाव असतं ट्रॅफिक चलन, लग्नपत्रिका, केवायसी अपडेट, सरकारी योजनेची यादी वगैरे. लोकांना वाटतं फोटो किंवा पीडीएफ आहे, पण शेवटी एपीके लिहिलेलं असतं म्हणजे ते अ‍ॅप आहे. ते टाकलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतात, बऱ्याचदा बँकेचा मेसेज तुमच्या फोनवरून गायब पण करतात. नातेवाइकाच्या नंबरवरून आली म्हणून फाइल सुरक्षित नसते, त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं.

दुसरं स्क्रीन शेअरिंग. "सर मी तुम्हाला मदत करतो, हे अ‍ॅप घ्या आणि मला नऊ आकडी कोड सांगा". रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना अशा अ‍ॅपबद्दल सावध केलं होतं. ती अ‍ॅप मुळात चांगली, ऑफिसमध्ये वापरतात, पण त्यातून समोरच्याला तुमचा अख्खा स्क्रीन दिसतो, येणारा ओटीपीसुद्धा.

तिसरं कॉल फॉरवर्डिंग. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, पार्सल अडकलंय, स्टार ४०१ ने सुरू होणारा नंबर डायल करा म्हणतात. तो डायल केला की तुमचे कॉल त्यांच्याकडे वळू शकतात आणि काही ठिकाणी ओटीपी फोन कॉलवर पण मिळतो. कुणीही सांगितलेला स्टारचा नंबर दाबू नका, फॉरवर्डिंग चालू आहे का ते फोनच्या कॉल सेटिंगमध्ये दिसतं.

चौथं, परदेशी वेबसाइट. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरी तपासणी, म्हणजे ओटीपी वगैरे, २००९ पासून सक्तीची आहे, पण बाहेरच्या बऱ्याच साइटवर कार्ड नंबर, एक्स्पायरी आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होतो. सिम स्वॅप (तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढणं) आणि आधारच्या अंगठ्याचं पण आहे, ते खाली वेगळं लिहिलंय.

बँकेचा फोन आहे हे खरं कसं ओळखायचं?

ओळखायच्या भानगडीत पडूच नका. फोन ठेवा आणि कार्डमागच्या नंबरवर स्वतः लावा, खरंच काही असेल तर तिथे कळेल. बँकांना ग्राहकांना फोन करायला आता १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेत, तेव्हा साध्या दहा आकडी मोबाईलवरून "मी हेड ऑफिसमधून बोलतोय" आलं तर तिथेच थांबा. मेसेजचंही तसंच, खऱ्या मेसेजला पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं छोटं नाव असतं आणि शेवटी एक अक्षर, व्यवहाराला टी, सेवेला एस, जाहिरातीला पी, सरकारीला जी. पण नंबर आणि नावं दोन्ही खोटी दाखवता येतात म्हणून भरवसा एकाच गोष्टीवर ठेवा, फोन तुम्ही लावलाय का त्यांनी. तुमचं नाव, जन्मतारीख, कार्डचे शेवटचे चार आकडे त्यांनी बरोबर सांगितले म्हणजे ते बँकेचे असं होत नाही, ही माहिती बाजारात विकत मिळते.

पोलीस किंवा सीबीआयचा व्हिडिओ कॉल आला आणि म्हणाले तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, तर?

भारताच्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून हे सांगितलं, तरी लोक अजून फसतायत.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले, एफडी मोडायची म्हणून. फोन शर्टाच्या खिशात, स्क्रीन चालू, कॉल सुरूच. मी विचारलं सर एवढं काय काम निघालं, ते म्हणाले मुलाला घर घ्यायचंय, पण माझ्याकडे बघत नव्हते आणि हात असा थरथरत होता की फॉर्मवरची सही दोनदा बिघडली. मी एका स्लिपच्या मागे लिहिलं, फोनवर कोण आहे, पोलीस म्हणतंय का, आणि काचेखालून सरकवली. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि त्यांच्या डोळ्यात पाणीच आलं. आदल्या संध्याकाळपासून ते त्या कॉलवर होते, जेवताना पण कॅमेरा चालू. फोन मी घेऊन बंद केला तेव्हा ते म्हणाले आता अटक होईल. अर्धा तास लागला त्यांना पटायला की काही होणार नाही.

तर असा कॉल आला की बंद करा आणि सगळ्यात आधी घरात कुणाला तरी सांगा. कुणाला सांगू नका असं समोरचा म्हणतो तिथेच त्याचं खोटं उघडं पडतं, खऱ्या पोलिसांना तुम्ही बायकोला सांगितलं तर काही अडत नाही.

पैसे मिळणार असतील तर यूपीआय पिन टाकावा लागतो का?

नाही. कधीच नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. क्यूआर स्कॅन करून पैसे घेतले जात नाहीत, दिले जातात. जुनं सामान विकताना हे फार होतं, घेणारा म्हणतो स्कॅन करा मी पाठवतो. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाला यूपीआयवर पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायची सोय बंद केलीय त्यामुळे तो एक रस्ता कमी झाला, पण क्यूआरचा आहेच.

बँकेची वेबसाइट खरी का खोटी कसं कळणार?

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. म्हणजे पत्त्याचा शेवट बघायचा, सुरुवात नाही. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही घालू शकतो, पण पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवट डॉट बँक डॉट इन असा, बँकच्या आधीच्या डॉटसकट, असेल तरच ती बँक. कुलपाच्या खुणेवर जाऊ नका, खोट्या साइटला पण कुलूप असतं. आणि मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही, पत्ता स्वतः टाइप करा किंवा अ‍ॅप वापरा. "आज रात्री वीज कापली जाईल", "आजच पॅन लिंक करा नाहीतर खातं बंद" असल्या मेसेजमध्ये आजचीच मुदत असते कारण उद्यापर्यंत तुम्ही कुणाला तरी विचाराल ना.

कार्डवर कुठली सेटिंग बंद ठेवायची?

हे मी प्रत्येकाला सांगते आणि दहातले आठ जण म्हणतात असं असतं हे माहीतच नव्हतं. ऑक्टोबर २०२० पासून नियम आहे की नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशिनसाठी चालू करून द्यायचं, ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पेमेंट हे तुम्ही मागितलं तरच चालू. आणि ही बटणं तुम्हाला अ‍ॅपमध्ये, नेट बँकिंगमध्ये कधीही चालू बंद करता येतात, लिमिट पण तुम्हीच ठरवायचं. तर आत्ताच अ‍ॅप उघडून कार्डच्या सेटिंगमध्ये जा. परदेशी व्यवहार बंद करा, परदेशात जाताना चालू करा. डेबिट कार्डवर ऑनलाइन खरेदी करत नसाल तर ते बंद. एटीएमचं रोजचं लिमिट जेवढं खरंच लागतं तेवढंच ठेवा, कधी जास्त लागलं तर वाढवायला एक मिनिट लागतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर ज्या खात्यात बचत आहे त्याचं कार्ड मी कुठेच वापरत नाही आणि ते यूपीआयला पण जोडलेलं नाही. रोजच्या खर्चाला वेगळं खातं, त्यात महिन्यापुरते पैसे. काही झालंच तर तेवढेच जातील.

टॅप करायच्या कार्डातून खिशातून पैसे काढतात म्हणे?

यावर झोप उडवून घेऊ नका. मशीन कार्डच्या अगदी दोनचार सेंटीमीटर जवळ आणावं लागतं, आणि पिनशिवाय टॅपची मर्यादा २०२१ पासून ५,००० रुपये आहे. कार्ड हरवलं तर मात्र हाच धोका होतो म्हणून हरवल्याबरोबर बंद करा. नको असेल तर टॅप बंद ठेवता येतं, वर सांगितलं तसं.

एटीएमवर काय बघायचं?

पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका, रांगेत कुणी नसलं तरी, कारण कॅमेरा वर चिकटवलेला असतो. कार्ड घालायची जागा हलवून बघा, सैल असेल तर तिथे काढू नका. २०१८ च्या अखेरपर्यंत नुसत्या काळ्या पट्टीची कार्डं बदलून चिपची करायची होती, चिपची नक्कल करणं फार अवघड, पण पट्टी अजून कार्डवर आहेच त्यामुळे कॉपी करणारे संपलेले नाहीत. आतमध्ये "काका मी मदत करू का" म्हणणाऱ्याच्या हातात कार्ड देऊ नका, तो हातचलाखीने दुसरंच कार्ड परत देतो आणि पिन तर त्याने बघितलेलाच असतो. परत घेताना कार्डवरचं आपलं नाव वाचा.

पिन उलटा टाकला की पोलीस येतात आणि कॅन्सल दोनदा दाबलं की पिन चोरता येत नाही, हे दोन्ही मेसेज खोटे आहेत, कृपा करून पुढे पाठवू नका.

शॉपिंग साइटवर कार्ड सेव्ह केलेलं चालतं का?

ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना तुमचा खरा कार्ड नंबर ठेवायला बंदी आहे, त्याऐवजी टोकन म्हणजे बदली नंबर असतो, तो फक्त त्याच साइटवर चालतो. तर चालतं, पण साइट खरी हवी.

अचानक फोनचं नेटवर्क गेलं, काळजी करू का?

घरातल्या बाकीच्यांचं त्याच कंपनीचं नेटवर्क चालू असेल आणि फक्त तुमचंच "नो सर्व्हिस" दाखवत असेल तर हो, लगेच. खोटी कागदपत्रं देऊन कुणीतरी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलेलं असू शकतं, मग सगळे ओटीपी त्याच्याकडे. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगा, मग मोबाईल कंपनीला. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर बघता येतं, तुमचं नसलेलं दिसलं तर तिथेच कळवता येतं.

आधारच्या अंगठ्याने पैसे काढतात ते कसं थांबवायचं?

आधार अ‍ॅपमध्ये किंवा यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर बायोमेट्रिक लॉक करा. स्वतःला अंगठा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं.

बँक पैसे परत देते का?

प्रसंगावर आहे, पण बऱ्याच लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा हक्क असतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढून याचे नियम ठरवले, बँकेत बोलताना त्या नियमांचं नाव घ्या, समोरचा माणूस नीट ऐकतो. त्यात असं आहे की चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही कळवलं असो वा नसो. चूक बँकेची पण नाही आणि तुमची पण नाही, मधल्याच कुठल्यातरी सिस्टिममध्ये घोळ झाला, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसात कळवलं तरी शून्य. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. ४ ते ७ दिवसात कळवलं तर तुमच्यावर मर्यादित बोजा येतो, साध्या बचत खात्याला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याच्या पुढे बँकेच्या धोरणावर. आणि तुमच्याच हातून चूक झाली, म्हणजे पिन सांगितला वगैरे, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. म्हणून तक्रारीची वेळ आणि नंबर जपून ठेवा.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसात बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसात निकाल लावायचा असतो. तुमची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. सहकारी बँकांनाही २०१७ च्या डिसेंबरमध्ये असंच परिपत्रक निघालं.

बँक म्हणते तुमचीच चूक, तुम्हीच अ‍ॅप टाकलं.

एवढ्यावर गप्प बसू नका. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये असेच गेले, ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करताना खोट्या कस्टमर केअरने त्याला अ‍ॅप टाकायला लावलं होतं. बँकेने हात वर केले. त्याने २४ तासांच्या आत कळवलेलं होतं, तो लढत राहिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेलाच ते पैसे द्यायला लावले. प्रत्येक केसमध्ये असंच होईल असं नाही, पण लवकर कळवलेलं असणं किती कामाला येतं ते यातून दिसतं.

बँकेने ३० दिवसात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा, फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज होतो. माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. मी बँकेत असून हे सांगते कारण तो तुमचा हक्क आहे.

ओळखीचा मुलगा म्हणतो खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो, देऊ का?

अजिबात नाही! वर म्हटलं ना चोरीचा पैसा दहा खात्यातून फिरतो, ती दहा खाती अशीच घेतलेली असतात. पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं त्याच्या दारात येतात. कॉलेजची मुलं यात अडकतायत, खाती फ्रीज होतात आणि वर गुन्हा. अनोळखी माणसाने "चुकून पैसे आले, परत पाठवा" म्हटलं तर स्वतः पाठवू नका, बँकेला कळवा, बँक परत करेल.

आईवडिलांना कसं समजवायचं?

नियमांची यादी त्यांच्या लक्षात राहत नाही, माझ्या आईच्या तर नाहीच राहिली. मी तिच्या मोबाईलच्या कव्हरवर मागे एक चिठ्ठी चिकटवली, त्यावर तिघांचे नंबर, १९३० आणि एकच ओळ, "पैशाचं बोलले की फोन ठेव आणि मला लाव". आणि तिला शब्द दिला की कितीही वेळा लावलास तरी मी वैतागणार नाही. पहिल्या महिन्यात अकरा वेळा लावला, त्यातले नऊ खरेच मेसेज होते. सगळे उचलले. तिचं प्रत्येक व्यवहाराचं अलर्ट माझ्या ईमेलवर पण येतं, तिला विचारून केलंय.

पैसे गेल्यावर एकाचा फोन आला, फी भरा म्हणजे सगळे परत मिळवून देतो म्हणतो.

तो त्याच टोळीतला असतो किंवा तुमचा नंबर विकत घेतलेला दुसरा कुणीतरी. सायबर पोलिसांत तक्रारीला फी नाही, १९३० ला नाही, लोकपालाला नाही, बँकेत नाही. हा नवा नंबर पण त्याच तक्रारीत जोडा आणि उत्तर देऊ नका.